उन्हाळी, मूत्रकृच्छ्र आणि एक चारपानी पत्रक

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून काय मिळेल याचा नेम राहिलेला नाही. एका वाचक शिक्षिकेला या वर्षी प्लॅस्टिकच्या डबीबरोबर एक चारपानी पत्रक मिळाले. ‘लघवीची जळजळ : समूळ उपचार’ असा त्याचा मथळा. शिक्षिकेने ते आमच्याकडे पाठवले आणि सोबत पत्रात लिहिले, ‘आमच्या नववीतल्या एका मुलीला हाच काढा आठ दिवस दिला जात होता. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा येऊ लागल्या, उलट्या झाल्या. रुग्णालयात शिरेतून औषधे द्यावी लागली. मुलगी आता बरी आहे. तिच्या आईने मला विचारले, बाई, औषध तर आयुर्वेदिकच होते, मग असे कसे झाले? मला उत्तर देता आले नाही.’

हे उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणून हा लेख. पत्रक काढणाऱ्याचे नाव देत नाही. ते महत्त्वाचे नाही, कारण याच मजकुराची पत्रके, पुरवण्यांतील सदरे आणि औषधाच्या दुकानातील फलक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. शरीरातली उष्णता वाढल्याने हा विकार होतो, आयुर्वेदात त्याला मूत्रकृच्छ्र म्हटले आहे, गोखरू, पुनर्नवा, वरुण, पाषाणभेद या वनस्पती जंतूंचा नाश करतात हे ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ झाले आहे, प्रतिजैविके रोग दाबतात, हा काढा मुळापासून काढतो, दुष्परिणाम शून्य, आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘शासनमान्य’. या सहा विधानांपैकी एकही पूर्णपणे निराधार नाही. म्हणूनच ती धोक्याची आहेत.

उष्णतेपासून सुरुवात करू. मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. वैशाखात दिवसभर उन्हात काम केले, पाणी कमी प्यायले, की लघवी गडद पिवळी होते, थोडी थोडी होते आणि होताना आग होते. यात जंतूंचा संबंध असेलच असे नाही. घामावाटे पाणी गेल्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि लघवी तीव्र होते. यावर आजीबाईंचे उपाय म्हणजे धन्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, शहाळे, जिरे-खडीसाखरेचे सरबत. ते लागू पडतात. का पडणार नाहीत? या सगळ्यांतला मुख्य घटक पाणी आहे. संध्याकाळी तांब्याभर धन्याचे पाणी प्यायले आणि सकाळी आग थांबली, हा अनुभव खोटा नाही.

घोटाळा पुढे होतो. दुसऱ्या एका अवस्थेतही अशीच आग होते, वारंवार जावेसे वाटते, गेल्यावर चार थेंब होतात, ओटीपोटात दुखते, कधी लघवीला दुर्गंधी येते किंवा लालसर रंग दिसतो. हा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. लक्षण तेच, शब्दही तोच आणि कारण मात्र अगदी वेगळे. काढ्याने जी कीर्ती पहिल्या प्रकारच्या उन्हाळीत मिळवली, ती दुसऱ्या प्रकारात खर्च केली जाते. पत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात हा फरक करायला हवा होता. चारही पानांत तो कोठेही नाही.

संसर्ग होतो कसा, हे वर्गात सांगता येईल इतके सोपे आहे. बहुतेक वेळा, म्हणजे साध्या संसर्गात दर चारांपैकी तीन किंवा त्याहून अधिक रुग्णांत, तो ई. कोलाय या जिवाणूमुळे होतो. थिओडोर एशरिक याने १८८५ मध्ये वर्णन केलेला हा जिवाणू आपल्या आतड्यात मुक्कामाला असतो आणि तेथे बहुधा निरुपद्रवी असतो. गुदद्वाराजवळून तो मूत्रनलिकेच्या तोंडाशी पोहोचतो आणि वर चढतो. स्त्रियांची मूत्रनलिका सुमारे ४ सेंटिमीटर लांब, पुरुषांची सुमारे २० सेंटिमीटर. ही तफावत हेच स्त्रियांना हा त्रास अधिक होण्याचे मुख्य कारण. निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. तेव्हा त्याचा अस्वच्छतेशी किंवा वर्तनाशी संबंध जोडून मुलींना खजील करण्याचे काही कारण नाही. ही शरीररचना आहे.

पण शरीराजवळ एक उत्तम उपाय आहे, तो म्हणजे मूत्राशय रिकामे करणे. येथे एक ढोबळ गणित फळ्यावर मांडून पाहण्याजोगे आहे. समजा, मूत्राशयात जिवाणूंची संख्या दर ४० मिनिटांनी दुप्पट होते. समजा, ३०० मिलिलिटर लघवी करून झाल्यावर आत ३ मिलिलिटर उरते, म्हणजे जिवाणूंचा शंभरावा भाग उरतो. आता जी मुलगी दर तीन तासांनी लघवीला जाते तिच्या मूत्राशयात मधल्या वेळात साडेचार वेळा दुप्पट होऊन जिवाणू सुमारे २३ पट होतात आणि मग शंभराने भागले जातात. संख्या घटत जाते. जी मुलगी सकाळी घरून निघताना जाते आणि आठ तासांनी घरी परतल्यावरच जाते, तिच्या बाबतीत बारा वेळा दुप्पट होते. २ चा बारावा घात ४,०९६. त्याला शंभराने भागले तरी संख्या सुरुवातीच्या चाळीसपट उरते. दोन मुली, तोच जिवाणू. फरक फक्त वेळेचा.

अर्थात प्रत्यक्षात गोष्ट इतकी साधी नाही. आकडे व्यक्तीनुसार बदलतात, आणि ई. कोलाय नुसते तरंगत नाहीत. त्यांच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात आणि त्यांच्या टोकाला असे प्रथिन असते, की जे मूत्राशयाच्या अस्तरावरील मॅनोज नावाच्या साखरेला पकडून बसते. चिकटलेला जिवाणू धुऊन जात नाही. म्हणून पाण्याने बचाव होऊ शकतो, पण एकदा संसर्ग रुजला, की केवळ पाण्याने तो जाईलच असे सांगता येत नाही. हे जिवाणू मूत्रवाहिनीतून वर मूत्रपिंडापर्यंत गेले तर थंडी-ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणे आणि उलट्या ही लक्षणे दिसतात. नववीतल्या त्या मुलीला हेच झाले होते. यापुढची पायरी म्हणजे रक्तात संसर्ग पसरणे, आणि त्यात जिवाला धोका असतो.

आता ‘मूत्रकृच्छ्र म्हणजेच मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग’ या समीकरणाकडे वळू. कृच्छ्र म्हणजे कष्ट. कष्टाने मूत्रप्रवृत्ती होणे ते मूत्रकृच्छ्र. हे लक्षणाचे नाव आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत दोषांमुळे होणारे आहेत, मूतखड्यामुळे होणारे आहेत, शुक्रासंबंधीही आहेत. सुश्रुत आणि माधवनिदान यांनी आघाताने होणारा आणि मलावरोधामुळे होणारा असे प्रकारही दिले आहेत. शिवाय मूत्राघात हा वेगळा गट आहे, आणि उष्णवात हा त्याचा एक प्रकार. म्हणजे प्राचीन वैद्यांनी एका तक्रारीमागे अनेक कारणे असतात हे ओळखले होते, आणि आधी कारण पाहा, मग औषध द्या असाच त्यांचा आग्रह होता. पत्रककर्त्याने हे आठ प्रकार पुसून एकच केला आणि त्यावर एकच काढा दिला. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी खरे तर या पत्रकावर आमच्याआधी रागवायला हवे.

चरक-सुश्रुतांना जिवाणू ठाऊक नव्हते हा त्यांचा दोष नव्हे. सूक्ष्मदर्शक सतराव्या शतकात आले, आणि लघवी हे जंतूंच्या वाढीचे उत्तम माध्यम आहे हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवले. दोष आहे तो आज, लघवीची कल्चर तपासणी तालुक्याच्या गावी होत असताना, ‘पित्त वाढले’ एवढ्यावर निदान उरकणाऱ्याचा.

या तपासणीविषयी दोन शब्द. लघवीत थोडे जिवाणू सापडले म्हणजे संसर्ग झालाच असे नाही. नमुना घेताना त्वचेवरचेही त्यात येतात. बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये एक सीमारेषा सुचवली : एक मिलिलिटरमध्ये १ लाख किंवा त्याहून अधिक जिवाणू असतील तर ते बाहेरून मिसळलेले नाहीत, आतच वाढत आहेत असे समजावे. पुढे लक्षणे असलेल्या स्त्रियांत त्याहून कमी संख्येतही संसर्ग असतो असे आढळले, तरी अहवालांत ही रेषा आजही दिसते. (‘लघवी निर्जंतुक असते’ हे आपण पाठ केलेले वाक्यही आता बाद झाले आहे; निरोगी मूत्राशयातही काही जिवाणू राहतात असे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे.) नमुना मधल्या धारेचा घ्यावा आणि दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा, नाहीतर शीतकपाटात ठेवावा. उन्हाळ्यात तीन-चार तास पिशवीत फिरलेली बाटली निरोगी माणसालाही रोगी ठरवू शकते. कारण वर केलेलेच गणित बाटलीतही चालू असते!

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ हा पत्रकातील सर्वांत वजनदार शब्द. यामागे काय असते? काचेच्या बशीत जिवाणूंचा थर वाढवतात, वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती त्यावर ठेवतात. चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ दिसले, की अर्क जंतुनाशक. प्रयोग खरा, वर्तुळही खरे. पण असे वर्तुळ लवंगेच्या तेलाभोवती पडते, व्हिनेगरभोवती पडते, साबणाभोवतीही पडू शकते. प्रश्न पुढचा आहे. काढा पोटात गेल्यावर त्यातला तो घटक आतड्यातून शोषला जातो का? यकृतातून तो शाबूत सुटतो का? लघवीत उतरतो का, आणि उतरला तर बशीत होता तितक्या तीव्रतेने उतरतो का? नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५० च्या दशकातले औषध आजही मूत्राशयाच्या संसर्गावर वापरतात, ते याच कसोटीमुळे : रक्तात ते फारसे टिकत नाही, लघवीत मात्र भरपूर उतरते. म्हणूनच मूत्रपिंडाचा संसर्ग असेल तर ते चालत नाही. पत्रकातल्या चार वनस्पतींबद्दल या प्रश्नांची उत्तरे पत्रककर्त्याने विचारलेलीदेखील नाहीत.

बशीतले सत्य शरीरात टिकत नाही याचे एक ताजे उदाहरण पाश्चात्त्य बाजारातलेच आहे. ई. कोलाय मॅनोजला चिकटतो हे वर सांगितले. मग मॅनोज साखरच खायला दिली तर ती लघवीत उतरेल, जिवाणू अस्तराऐवजी तिलाच पकडून बसतील आणि वाहून जातील! किती सुंदर कल्पना. काचेच्या नळीत ती खरीही ठरली. या साखरेच्या पुड्या जगभर विकल्या गेल्या. मग ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर चाचणी झाली. निम्म्यांना मॅनोज, निम्म्यांना तशीच दिसणारी दुसरी पूड, सहा महिने रोज; कोणाला काय मिळते हे ना त्यांना ठाऊक ना डॉक्टरांना. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांत साधारण निम्म्या स्त्रियांना पुन्हा त्रास झाला. म्हणण्याजोगा फरक नव्हता. कल्पना कितीही सुंदर असो, कोणत्याही देशाची असो, चाळणी तीच.

आणि ही चाळणी का लागते, याचे कारण या रोगाच्या स्वभावातच आहे. जर्मनीत ताप नसलेल्या, साधा संसर्ग असलेल्या ४९४ स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना फॉस्फोमायसिन हे प्रतिजैविक दिले. उरलेल्यांना आयब्युप्रोफेन, म्हणजे डोकेदुखीवर घेतो ते वेदनाशामक. वेदनाशामक गटातील सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया प्रतिजैविक न घेताच बऱ्या झाल्या. येथे थांबून विचार करा. आयब्युप्रोफेनऐवजी त्यांना पत्रकातला काढा दिला असता, तर पत्रककर्त्याने छापले असते, ‘शंभरांपैकी सहासष्ट स्त्रिया आमच्या काढ्याने बऱ्या झाल्या!’ त्यांची पत्रेही खरी असती, आनंदही खरा असता. पण श्रेय मिळायला हवे त्यांच्या शरीराच्या प्रतिकारशक्तीला. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर ‘इतक्या टक्क्यांना गुण आला’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. मूत्रकृच्छ्रावरील आयुर्वेदिक औषधांचे जे अभ्यास प्रसिद्ध होतात, त्यांतले बहुतेक तीस-चाळीस रुग्णांचे असतात, तुलनागट नसतो किंवा असला तरी औषधे झाकलेली नसतात, आणि ‘मध्यम आराम’, ‘उत्तम आराम’ अशा शब्दांत निष्कर्ष असतो. जंतू गेले की नाही हे अनेकदा मोजलेलेही नसते.

त्या जर्मन चाचणीतला आणखी एक आकडा सांगायलाच हवा. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोहोचलेल्या स्त्रिया : प्रतिजैविक गटात १, वेदनाशामक गटात ५. संख्या लहान आहे, पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. थांबून पाहणे बहुतेकींना चालते. काही जणींना ते महाग पडते. ताप नसलेल्या, गरोदर नसलेल्या, अन्यथा निरोगी स्त्रीने डॉक्टरच्या सल्ल्याने दोन दिवस वाट पाहणे वेगळे. मुलाला, गरोदर स्त्रीला, मधुमेह्याला, पुरुषाला, किंवा ताप असलेल्या कोणालाही आठ दिवस काढ्यावर ठेवणे वेगळे. लहान मुलांत तर कधी नुसता ताप एवढेच लक्षण असते, आणि उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात.

‘दुष्परिणाम शून्य’ हे विधान मात्र सरळ चुकीचे आहे. पत्रकातील पाषाणभेदच घ्या. ही वनस्पती कोणती? उत्तरेत हिमालयातील बर्जेनियाला पाषाणभेद म्हणतात. दक्षिणेत काही ठिकाणी एर्व्हा लॅनाटाला त्या नावाने वापरतात, काही ठिकाणी रोटुला या पाणकाठच्या झुडपाला. आपल्याकडे कुंडीतली पानफुटीही कोणी पाषाणभेद म्हणून खिलवतो. चार वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती आणि नाव एक. गोखरूचेही तसेच : छोटे गोखरू म्हणजे पायात रुतणारा आपला सराटा, मोठे गोखरू ही निराळ्या कुळातली वनस्पती. (सराटा निरुपद्रवी समजू नका. दक्षिण आफ्रिकेत तो भरपूर चरणाऱ्या मेंढ्यांचे यकृत बिघडून डोके सुजते व उन्हाने कातडी जळते. माणूस तितका खात नाही हे खरे, पण ‘वनस्पती म्हणून निर्धोक’ हा युक्तिवाद मेंढ्यांच्या बाबतीत तरी लागू पडत नाही.) नावाच्या गोंधळाची किंमत काय असू शकते हे बेल्जियममध्ये दिसले. तेथे वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी नामसाधर्म्यामुळे ॲरिस्टोलोकिया मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ मध्ये हे उघड झाले. तेही ‘नैसर्गिक’च होते.

धातूंचा प्रश्न वेगळा. या तक्रारीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या चंद्रप्रभा वटीत वनस्पतींबरोबर लोहभस्म आणि सुवर्णमाक्षिक असते. भस्मे शास्त्रोक्त केली तर ती निर्धोक असतात असा दावा आहे. पण बाजारातली प्रत्येक बाटली शास्त्रोक्त आहे हे कोण पाहतो? २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियातील ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हे धातू ज्या इंद्रियांना इजा करतात त्यांत मूत्रपिंड आहे. मूत्रपिंडाच्या शेजारच्या विकारावर असे औषध महिनोन्‌महिने घेण्यापूर्वी एवढे तरी विचारावे, की या घाणीची धातूंसाठी तपासणी झाली आहे का?

‘शासनमान्य’ या शब्दाचा अर्थही वाचकांना माहीत असावा. ग्रंथोक्त आयुर्वेदिक योग तयार करण्याचा परवाना मिळतो तो त्या योगाचा उल्लेख मान्य ग्रंथात आहे म्हणून. रुग्णांवर नवी चाचणी करून परिणाम दाखवावा लागत नाही. म्हणजे शासनाने कृती मान्य केली आहे, गुण येतो याची हमी दिलेली नाही. शिवाय पत्रकाच्या चौथ्या पानावर हाच काढा मूतखडे विरघळवतो असे छापले आहे. मूत्रपिंडातील व मूत्राशयातील खडे बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत पत्रक हीही जाहिरातच आहे. हळदीकुंकवाचे वाण म्हणून दिल्याने ती वेगळी होत नाही.

इतके लिहिल्यावर दुसऱ्या बाजूला सोडून देणे अन्यायाचे होईल. पत्रकात एक वाक्य असे आहे, की ‘प्रतिजैविकांनी तात्पुरता आराम पडतो व रोग पुन्हा उलटतो’. कारण चुकीचे दिले असले तरी हा अनुभव अनेकींचा आहे, आणि त्याला आधुनिक दवाखानेही जबाबदार आहेत. लघवी न तपासता पहिल्याच दिवशी जबरदस्त प्रतिजैविक. रुग्णाने दोन दिवसांत बरे वाटल्यावर थांबवलेल्या गोळ्या. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिलेल्या चार. याचा परिणाम असा, की भारतातील ई. कोलाय आता फ्लुरोक्विनोलोन आणि सेफॅलोस्पोरिन या गटांतील औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन अजून चालतात, आणि तीही अशीच उधळली तर किती दिवस चालतील कोण जाणे. लक्षण नसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत जंतू दिसले म्हणून औषध देणे हीदेखील अशीच एक चूक. गरोदरपणात मात्र ते द्यावे लागते, आणि हेही कास यांच्याच कामातून पुढे आले. आणि जळजळीवर सर्रास लिहून दिले जाणारे सायट्रेटचे गोड औषध? त्याचीही या रोगावर नीट चाचणी झालेली नाही. आम्ही काढ्याला जो प्रश्न विचारला तोच त्या बाटलीलाही विचारतो.

तेव्हा प्रतिजैविकांना पर्याय शोधणे हे काम अत्यावश्यक आहे, आणि वनस्पतींत तो शोधण्यात काही चूक नाही. क्रॅनबेरी या फळाची कथा पाहा. तीही अमेरिकेतली घरगुती समजूतच होती. वर्षानुवर्षे चाचण्यांचे निष्कर्ष उलटसुलट येत राहिले. २०२३ मध्ये ५० चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत तिने पुढचे संसर्ग सुमारे पावभागाने कमी होतात असे दिसले. टाळण्यासाठी उपयोग आहे. झालेला संसर्ग बरा करण्यासाठी पुरावा नाही. गोखरू आणि पुनर्नवा यांनाही अशी संधी मिळायला हवी. लघवीचे प्रमाण वाढवण्याचा गोखरूचा गुण चरकाने नोंदला आहे, तेव्हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण उत्तर गृहीत धरून पत्रके छापल्यावर प्रश्न कोण विचारणार?

पाण्याची चाचणी झाली आहे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटाला ३.२ वेळा. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला पैसा एका बाटलीबंद पाण्याच्या कंपनीने पुरवला होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. पण नळाचे पाणी काही वेगळे वागेल असे नाही. धन्याच्या पाण्यात धने नसते तरी काम भागले असते, असा माझा समज आहे. धने घातल्याने दीड लिटर पिणे सोपे जात असेल तर जरूर घालावेत.

पत्रकाने आयुर्वेदातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वगळली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच ‘नवेगान्धारणीय’, म्हणजे वेग अडवू नयेत याविषयीचा. अडवू नयेत अशा तेरा वेगांत पहिल्यांदा मूत्राचा उल्लेख येतो, आणि तो अडवल्याने होणाऱ्या त्रासांत मूत्राशयातील वेदना व मूत्रकृच्छ्र सांगितले आहेत. मोठ्या स्त्रियांत लघवी रोखणे आणि संसर्ग यांच्या संबंधाचा आजचा पुरावा संमिश्र आहे. मुलांत मात्र लघवी रोखून धरण्याची सवय, बद्धकोष्ठ आणि वारंवार होणारा संसर्ग यांची सांगड पक्की आहे. मलावरोधाने होणारे मूत्रकृच्छ्र सांगणाऱ्या सुश्रुताला याचे नवल वाटले नसते. या सल्ल्याची बाटली भरता येत नाही, म्हणून तो कोणत्याही पत्रकात छापला जात नाही.

आणि तो पाळायला लागते काय? स्वच्छतागृह. शिक्षिकेच्या पत्रातला एक तपशील मी सुरुवातीला गाळला होता. त्या शाळेत मुलींसाठी दोन स्वच्छतागृहे आहेत. एकाला कडी नाही, दुसऱ्याला कुलूप आहे. किल्ली कार्यालयात शिपायाकडे. मुली किल्ली मागायला लाजतात. म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. डब्याबरोबर आणलेली बाटली भरलेली परत नेतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरवली, आणि तपासणीच्या तक्त्यात या शाळेची रकाना-पूर्ती झालेली आहे. केरळातील शाळांत २०१९ पासून दिवसातून काही वेळा पाणी पिण्याची घंटा वाजू लागली. चांगली गोष्ट आहे, मात्र वापरता येईल असे स्वच्छतागृह नसलेल्या शाळेत ती घंटा मुलींनी कशी ऐकावी?

आईच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षिकेला असे कळवले आहे : औषध आयुर्वेदिक होते म्हणून मुलगी आजारी पडली नाही. तिला झालेला संसर्ग कोणता, तो कोठवर गेला आहे, हे कोणीच आठ दिवस पाहिले नाही, म्हणून ती अत्यवस्थ झाली. पुन्हा त्रास झाला तर पहिल्या दिवशी लघवी तपासावी, ताप किंवा पाठदुखी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि औषधाचा ठरलेला क्रम पुरा करावा. दुसऱ्या पत्रात शिक्षिकेने कळवले, की किल्ली आता मुलींच्या वर्गात खिळ्याला टांगलेली असते. कडी अजून बसायची आहे.